छपराखाली न म्हणायचं गाणं

दक्षिण इजिप्तमधल्या नजअ सालिम या आमच्या गावात राजेहला नुसतं राजेह असं कुणी म्हणायचं नाही. राजेह कर्णा म्हणायचे. लग्नात कर्णे लावायचा त्याचा धंदा, आणि तो धंदा त्याच्या गळ्यातही मुरला होता. शेजारी बसलेल्या माणसाशी तो उसाच्या फडापलीकडच्या माणसाशी बोलावं तसा बोले. त्याचे कर्णे सुरू झाले की कबुतरं कबुतरखान्याच्या मनोऱ्यातून उठायची, म्हाताऱ्या कानांवर हात ठेवायच्या आणि नवरदेवाचा बाप खूश व्हायचा. आमच्याकडे लग्न किती थाटाचं झालं हे जेवणावरून ठरत नाही. नदीपलीकडच्या गावाला झोप लागली की नाही, यावरून ठरतं.

त्याची आई नबवीया हीसुद्धा आवाजाचीच माणूस, पण दुसऱ्या टोकाची. ती मयताला जायची. कुणाच्या घरात माणूस गेलं की बायका आत गोल करून बसतात आणि त्यांच्यात एक जाणती बाई त्या माणसावर ओळी बांधून म्हणते. याला अदीद म्हणतात. रडगाणं म्हटलं तर नबवीयाला राग यायचा. "रडतं कोणीही," ती म्हणायची, "मी त्या माणसाचं सांगते." गेलेला सुतार असेल तर त्याच्या रंध्याचं सांगायची, बाळंतीण असेल तर आटलेल्या दुधाचं. मशिदीतले शेख दर शुक्रवारी हे पाप आहे असं बजावायचे, आणि त्यांची स्वतःची आई गेली तेव्हा नबवीयाला बोलावणं धाडायला त्यांच्याच घरातून सून आली होती.

लोक गमतीनं म्हणायचे, नवरी आणायची तर लेकाला बोलवा, माणूस पोचवायचं तर आईला बोलवा, एकाच घराला दोन्हीकडून बरकत. पण या घरातली मोठी गंमत वेगळीच होती. राजेहनं आपल्या आईला अदीद म्हणताना कधी धड ऐकलंच नव्हतं. मयताच्या घरी पुरुष बाहेर तंबूत बसतात, कडू कॉफी पितात, कुराण ऐकतात. आत बायका काय म्हणतात ते पुरुषांनी ऐकायचं नसतं. आणि ज्या घरात कुणी गेलेलं नाही, त्या घराच्या छपराखाली अदीदची एक ओळसुद्धा तोंडातून काढायची नसते. काढली तर मृत्यूला वाटतं आपल्यालाच बोलावलं, आणि तो दार शोधत येतो. हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

राजेहचं लग्न बुदूरशी झालं. बुदूरला आई-बाप नव्हते, भाऊ नव्हता. होते ते एक काका, तेही दूर सुएझला. उंच, सावळी, कमी बोलणारी पोरगी. नवरा एवढा कर्णा, त्यामुळे तिला बोलायची गरजही फारशी पडत नसावी. ती बोटानं खूण करी आणि तो गप्प होई, हे पाहून गावातल्या बायकांना नवल वाटे. सासू-सुनेचंही जमलं. बुदूरच्या हातची उन्हात फुगवलेली भाकर नबवीयाला स्वतःच्या भाकरीपेक्षा आवडे, आणि हे ती चारचौघीत कबूल करी. सासूनं सुनेची भाकर वाखाणावी, याहून मोठं प्रशस्तिपत्र आमच्याकडे नाही.

मुलगी झाली, रुकय्या. खर्च वाढला, आणि इथल्या लग्नांत परातभर भाताशिवाय फार काही मिळत नसे. तेव्हा राजेह कुवेतला गेला. तिथल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये आवाजाचं काम. आठवड्याला फोन. बुदूर फोनवरही तशीच, "बरी आहे, बरी आहे." मूत्रपिंडं निकामी होत चालली होती तरी "बरी आहे." शेवटी एका सकाळी फोन आईचा आला. बुदूर पहाटे गेली होती, उन्हाळा होता, आणि दुपारच्या नमाजानंतर दफन होतं. राजेहचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता आणि मालक परदेशी गेलेला. त्यानं हॉलच्या मागच्या जिन्यावर बसून दिवस काढला. संध्याकाळी त्यानं परत फोन केला.

"झालं का सगळं, यम्मा?"

"झालं, पोरा. रीतसर झालं. तिचे काका पोचले. त्यांनीच उतरवली तिला."

हे ऐकून त्याला जरा धीर आला. बाईला कबरीत उतरवायचं ते नवऱ्यानं, नाहीतर बापानं, भावानं, चुलत्यानं. परक्यानं तिला हात लावायचा नाही. काका आले म्हणजे निदान तेवढी तरी लाज राहिली.

"तू तिच्यावर काय म्हटलंस?" त्यानं विचारलं.

मग नबवीया म्हणाली, "जे म्हणायचं ते म्हटलं. फोनवर सांगायचं नसतं ते."

मालकानं पासपोर्ट पुढच्या वर्षी दिला. राजेह आला तो परत गेला नाही. त्याला बायकोची कबर दाखवली, तिचे कपडे कुणाकुणाला दिले ते सांगितलं, रुकय्या कुशीत येऊन झोपली. पण एक गोष्ट त्याच्या मनातून जाईना. बुदूरवर काय म्हटलं गेलं? गावातल्या बायका पाणवठ्यावर, भट्टीवर त्याच्याकडे बघून हळहळायच्या, आणि एखादी म्हणायची, "तुझ्या आईनं त्या दिवशी दगडाला पाझर फोडला रे." काय म्हटलं असं विचारलं की पदर तोंडाशी धरून निघून जायच्या. बुदूरबद्दल जे शेवटचं सांगितलं गेलं, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. फक्त तिच्या नवऱ्यानं नव्हतं. हे त्याला आतून खात राहिलं, आणि खरं सांगायचं तर त्यात चूक काय होती? मेलेल्या माणसाचा फोटो असतो, कपडा असतो. बुदूर तर फोटोतसुद्धा मान खाली घालूनच उभी होती.

असं होता होता त्यानं घरातली मागची खोली रिकामी केली आणि गावाला सांगितलं की तो आता रेकॉर्डिंगचा स्टुडिओ काढणार. लग्नाची गाणी, हाजींना निरोप द्यायची गाणी, सगळं इथंच घेणार. लोकांना पटलं. कर्णेवाल्यानं पुढची पायरी चढावी यात काय नवल?

सामानासाठी तो जवळच्या केना शहरात मलाकच्या दुकानात गेला. मलाक हा जाड चष्म्याचा, पोट सुटलेला ख्रिस्ती माणूस. चर्चमधल्या भजनांचं रेकॉर्डिंग तोच करी. राजेहला तो कर्णे विकत आला होता, त्यामुळे थट्टेचा हक्क होता.

"या दोन मोठ्या स्पीकर-पेट्या द्या," राजेह दारातूनच ओरडला. "स्टुडिओ काढतोय."

"आणि भिंती कुठून आणणार? या पेट्यांनी त्या पडतील." मलाकनं त्याला स्टुलावर बसवलं. "बाबा, तू जन्मभर आवाज बाहेर फेकलास. आता आत घ्यायचाय. पेट्या सगळ्यात शेवटी. आधी सांग, कुणाचा आवाज?"

"एका बाईचा."

"गाणारी आहे?"

"नाही. माझी आई आहे."

मलाकनं पुढं विचारलं नाही. त्यानं काउंटरवर दोन माईक ठेवले.

"हा बघ. हा तुझ्या ओळखीचा. हा गाढवासारखा, समोर आलं तेवढंच बघणार. बाजूला लग्न लागो की मारामारी होवो, ढुंकून बघत नाही. आणि हा दुसरा. हा सासू आहे. घरात कुठंही खुट्ट झालं की याला कळतं. तुझ्या घरात कबुतरं, पंप, उसाची गाडी. माझं ऐक, गाढव घेऊन जा."

"श्वास कुणाला ऐकू येतो?"

"श्वास? सासूला."

"मग सासू द्या. मला ती मध्ये थांबते तेसुद्धा हवंय."

"मग आधी खोली गप्प कर, मग माझ्या नावानं खडे फोड," मलाक म्हणाला. या माईकला वीज द्यावी लागते म्हणून माईक आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसणारी एक लहान पेटी त्यानं दिली. कान पूर्ण झाकणारे हेडफोन दिले, म्हणजे कानातला आवाज गळून परत माईकमध्ये जाऊ नये. जड बुडाचा स्टँड दिला, चांगल्यातली वायर दिली. फुंकर अडवणारी जाळी राजेहनं मागितली तेव्हा मलाक म्हणाला, "भरतकामाच्या गोल चौकटीवर बायकोचा मोजा ताण. तेच ते." आणि लगेच जीभ चावली. कॉम्प्युटर राजेहकडे होताच, कुवेतहून आणलेला लॅपटॉप, बॅटरी थकलेला.

खोली गप्प करायला मात्र महिना गेला. स्टुडिओच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे लावतात असं कुणीतरी टीव्हीवर पाहिलं होतं, त्यामुळे गावानं पुठ्ठ्यांचा पाऊस पाडला. राजेहनं सगळी भिंत मढवली आणि मलाकला फोन केला. मलाक म्हणाला, "अंडी ठेवायला उत्तम आहेत ते." पुठ्ठे उतरले. मग घरातल्या कापसाच्या जाड रजया भिंतींपासून चार बोटं सोडून टांगल्या, खाली खजुराच्या चटया, खिडकीला पोती. नबवीया दारात उभी राहून बघायची.

"गादीवाल्याचं दुकान काढलंयस की स्टुडिओ?"

"आत ये, यम्मा. टाळी वाजव."

तिनं टाळी वाजवली. टाळी जिथल्या तिथं मेली. "अगंबाई," ती म्हणाली, "ही खोली तर आवाज खाते."

पहिल्यांदा त्यानं तिच्याकडून मेंदीच्या रात्रीचं गाणं म्हणवून घेतलं. ती खुशीत होती. हातवारे करत, नवरीच्या सासूला टोमणे मारत तिनं ते म्हटलं, आणि हेडफोन लावून ऐकल्यावर विचारलं, "ही म्हातारी कोण?" रुकय्या हसून हसून चटईवर लोळली. नबवीयानं मग अंगाई म्हटली, ऊस तोडतानाचं म्हटलं, हाजींना निरोप द्यायचं म्हटलं. राजेहनं सगळं घेतलं. माईकमध्ये तिचा श्वास खरंच येत होता, दातांच्या फटीतून जाणारी वाऱ्याची शीळसुद्धा.

मग एका दुपारी त्यानं धीर करून विचारलं. ती परातीत पीठ मळत होती.

"यम्मा, आता बुदूरचं म्हण."

नबवीयानं वर पाहिलं नाही. "डोकं फिरलंय का तुझं? घरात जिवंत पोर आहे."

"एकदाच. दार बंद करतो. बाहेर कुणाला ऐकूसुद्धा जाणार नाही."

"मला माणसांची भीती नाही रे! ज्याला ऐकू जाऊ नये त्याला तुझ्या रजया अडवणार आहेत का?"

"ही खोली मी त्याच्यासाठीच बांधली," राजेह म्हणाला. "गाण्याबिण्यासाठी नाही."

"ते मला पहिल्या दिवशी कळलं. मी तुला जन्म दिलाय."

तेव्हा तो चिडला. तो नेहमीच मोठ्यानं बोलायचा, पण त्या दिवशी ओरडला. "अख्ख्या गावातल्या बायकांनी ऐकलं! शेजारच्या उम्म अश्रफनं ऐकलं, भट्टीवालीनं ऐकलं. मी एकट्यानं नाही ऐकलं. मी तिचा कोण होतो?"

नबवीयाचे हात पिठात थांबले. मग ती पुन्हा मळू लागली, जरुरीपेक्षा जास्त. त्या दिवशीची भाकर चिवट झाली.

महिने गेले. स्टुडिओत गावातली पोरं येऊन मवालसारखी लांब सुरांची लोकगीतं काय, लग्नाची गाणी काय, काहीबाही म्हणून जायची. राजेह घ्यायचा, त्याचं मन नसायचं. त्यानं आईला पुन्हा विचारलं नाही, पण जेवताना तो तिच्याकडे बघायचा, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. त्या हिवाळ्यात नबवीयाला खोकला धरला. एका मयताच्या घरी ती मध्येच अडकली. ओळ वर नेली आणि गळा बसला, तिला पुढे जाताच येईना, दुसऱ्या बाईनं कसंतरी पुरं केलं. घरी येऊन ती ओट्यावर बसली. इतक्या वर्षांत ती मयताहून येऊन कधी रडली नव्हती. त्या दिवशी रडली, आणि स्वतःसाठी रडली.

रमजान संपता संपता ती राजेहला म्हणाली, "घरात नाही. ईदच्या सकाळी, कबरीवर. तिच्यापाशी बसून म्हटलेलं चालतं, तिथं मेलेल्यांचंच घर आहे. यंत्र तिकडं आण."

ज्या खोलीसाठी त्यानं महिना घालवला होता, ज्या रजया टांगल्या होत्या, ते सगळं मागे ठेवून राजेह ईदच्या सकाळी रात्रभर चार्ज केलेला कॉम्प्युटर, लहान पेटी, माईक आणि स्टँड गाढवावर लादून वाळवंटाच्या कडेला कबरस्तानात गेला. मलाकनं गाढव-माईक घे म्हटलं होतं ते आता त्याला पटलं, कारण ईदच्या सकाळी कबरस्तानाइतकी गजबज दुसरीकडे नसते. बायका टोपल्या घेऊन आलेल्या, मेलेल्यांच्या नावानं भाकरी, खजूर वाटत होत्या, पोरं हात पसरून एका कबरीवरून दुसऱ्या कबरीकडे धावत होती. वाराही होता. त्यानं आपली लोकरी शाल माईकभोवती गुंडाळली आणि स्टँड वाळूत घट्ट रोवला.

"आता बुदूरचा फोटोही काढणार का?" उम्म अश्रफ म्हणाली. तिच्या बोलण्याला धार होती, पण डोळे ओले होते.

"राजेह, तू जा," नबवीया म्हणाली. "बायकांत पुरुष नको."

त्यानं यंत्र सुरू केलं आणि तो गेला. खजुराच्या झाडाखाली बाकीचे पुरुष चहा पीत होते, तिथं जाऊन बसला. लांबून त्याला काळ्या कपड्यांचा एक पुंजका दिसत होता आणि तो हलत होता. आवाज काहीच येत नव्हता. वारा उलटा होता. एकदा सगळ्या बायकांचे हात एकदम वर गेले आणि खाली आले. त्याच्या हातातला चहा गार झाला.

दुपारी घरी आल्यावर तो खोलीत शिरला, दार लावलं, हेडफोन घातले. आधी वारा आला, मग पोरं, मग कुणाचीतरी चप्पल. मग नबवीयाचा श्वास, इतका जवळ की त्यानं मागं वळून पाहिलं. आणि मग तिनं सुरुवात केली.

*चुलीपाशी उभी होती, पीठ हाताला अजून,*
*कोण घेऊन गेलं तिला हात तिचे न धुवून?*

*उन्हात मांडल्या भाकरी, फुगून वाट पाहती,*
*मांडणारी निघून गेली, शेजारणी भाजती.*

*कमी बोलली बाई माझी, दुखणं पदराआड ठेवी,*
*विचारलं तर बरी म्हणे, ओठांना दात लावी.*

राजेह रडला. किती वेळ रडला त्याचं त्यालाच कळलं नाही. आईचा गळा मध्ये मध्ये फाटत होता, ओळींमागून बायकांचा हुंदका येत होता, आणि त्या सगळ्यातून बुदूर दिसत होती, बोटानं खूण करणारी, दात ओठांत रुतवून "बरी आहे" म्हणणारी. त्याच्या मनातला काटा निघाला. दुःख होतं ते राहिलं, पण आता ते त्याचंही होतं. इतरांनी ऐकलं आणि आपण नाही, असं आता राहिलं नव्हतं.

तो बाहेर आला आणि आईच्या डोक्याचं, हाताचं चुंबन घेतलं.

"सगळं आलं का?" नबवीयानं विचारलं.

"सगळं आलं, यम्मा. अल्ला तुला आयुष्य देवो."

तिनं त्याच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं आणि ती कबुतरांना दाणे टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं बसून वाऱ्याची घरघर जेवढी काढता येईल तेवढी काढली. मग रुकय्याला हाक मारली. ती बारा वर्षांची झाली होती, आईसारखीच उंच, आईसारखीच कमी बोलणारी. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती.

"ये, बस," तो म्हणाला. "हे तुझ्या आईचं आहे. मोठी झालीस की तुझ्याजवळ राहू दे."

तिनं हेडफोन लावले. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. ती रडेल, असं त्याला वाटलं होतं, जवळ घ्यायला तो तयार होता. ती रडली नाही. तिचे ओठ हलत होते. प्रत्येक ओळीच्या किंचित आधी हलत होते. शेवटी तिनं हेडफोन काढून नीट मांडीवर ठेवले.

"तुला येतं हे?" राजेहनं विचारलं.

"मी सित्तीच्या मांडीपाशीच होते ना तेव्हा. सगळं येतं." आजीला ती सित्ती म्हणायची. मग ती म्हणाली, "तिनं दोन ओळी गाळल्या, याबा."

"विसरली असेल. खोकला आहे तिला."

"विसरली नाही. तिथं तिनं श्वास घेतला. ऐकू येतंय."

"कोणत्या ओळी?"

रुकय्या दाराकडे बघू लागली. "घरात म्हणायचं नसतं."

"चालीत म्हणू नको. नुसतं सांग."

तिनं सांगितलं. शाळेतला धडा सांगावा तशा आवाजात, खाली बघत.

*उतरवाया परका आला, माझा होता कुणीकडं?*
*हळू धर रे परक्या भावा, लाज माझी तुझ्याकडं.*

त्या खोलीत कुठलाच आवाज टिकत नसे, तोही टिकला नाही. राजेहला शब्द कळले, पण अर्थ लागायला वेळ गेला.

"परका कोण? तुझ्या आईचे काका होते ना? सुएझहून आले होते."

"ते दुसऱ्या दिवशी आले. गाडी मिळाली नाही त्यांना." रुकय्या बोटं मोडत होती. "मबरूकनं उतरवलं. कबरी राखतो तो. सित्ती त्याला म्हणत होती, डोळे मीट, मग हात लाव. तो म्हणाला, डोळे मिटून कसं उतरवू? मग सित्तीनं स्वतःचा बुरखा काढून आईवर टाकला."

गेल्या ईदला, आदल्या ईदला, राजेहनं मबरूकला कबर सारवायला सांगितलं होतं, त्याच्या हातात खजूर ठेवले होते, त्याला भाऊ म्हटलं होतं. मबरूक नेहमी खाली बघून घेई. गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. प्रत्येक पुरुषालाही माहीत असणार, कबरीपाशी तर पुरुष होतेच. आणि या सगळ्या वर्षांत एकाच्या तोंडून शब्द निघाला नव्हता, भांडणातसुद्धा नाही.

"तुला हे माहीत होतं," तो म्हणाला, "आणि तू मला कधी..."

"तू विचारलं नाहीस. तू सित्तीला विचारायचास."

"मग त्या दिवशी म्हटलं ते तिनं आता का गाळलं?"

रुकय्यानं प्रथमच वर पाहिलं. एवढं साधं बापाला कळू नये याचं तिला नवल वाटलं असावं.

"आता तू ऐकणार होतास ना," ती म्हणाली.

राजेहला बुदूर आठवत नव्हती, कुवेतचा तो जिनाही आठवत नव्हता. मेलेल्या सुनेवर स्वतःचा बुरखा टाकून पुरुषांच्या देखत उघड्या डोक्यानं उभी असलेली आई त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. संध्याकाळी तीच आई फोनवर म्हणाली होती, रीतसर झालं, पोरा.

बाहेरून नबवीयानं जेवायला हाक मारली. मुलूखियाची पातळ पालेभाजी होती, ईदचं उरलेलं मटण होतं. राजेहनं कॉम्प्युटर मिटला. रुकय्या आधी गेली, तो तोंड धुऊन मागाहून आला आणि परातीभोवती मांडी घालून बसला.

"पोरीला ऐकवलंस म्हणे," नबवीया म्हणाली. भाकरीचा तुकडा मोडता मोडता, सहज विचारल्यासारखं. "काय म्हणाली?"

रुकय्यानं मान खाली घातली.

"आवडलं तिला, यम्मा," राजेह म्हणाला. "तिला सगळं पाठ आहे. म्हणाली, सित्तीची एकही ओळ सुटली नाही."

नबवीयानं मान हलवली, मटणाचा चांगला तुकडा निवडला आणि लेकाच्या पुढ्यात ठेवला.